आयोगाचा अहवाल सरकारला सादर झाला. पुढे त्याचं काय होतं?

पिंपळपान:

मंत्र्यावर गंभीर आरोप झाले की विरोधक न्यायालयीन चौकशीची मागणी लावून धरतात, सभागृह दोन दिवस बंद पडतं आणि शेवटी सरकार निवृत्त न्यायमूर्तींचा आयोग जाहीर करतं. आपलं लक्ष तिथपर्यंतच असतं. मग मुदतवाढीच्या बारीक बातम्या येत राहतात, आणि एके दिवशी अहवाल मुख्यमंत्र्यांच्या हाती देतानाचा फोटो छापून येतो. मला या धाग्यात त्या फोटोनंतरच्या काळाबद्दल बोलायचं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. "आयोग म्हणजे वेळकाढूपणा" असं आपण फार सहज म्हणतो आणि त्याने सरकारचीच सोय होते. आपण आधीच आशा सोडलेली असली की अहवाल कपाटात गेला तरी कुणी विचारत नाही. आयोगांमुळे मंत्र्यांना घरी जावं लागल्याची उदाहरणं आहेत, आणि तिथे अहवाल लोकांसमोर आलेला होता. गाडी अडते ती बहुतेक वेळा अहवाल सादर होणं आणि विधिमंडळाच्या पटलावर येणं या दोहोंच्या मध्ये.

सगळ्यात जुनं ठळक उदाहरण मुंबईतलं. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटींचे शेअर घेतले. फिरोज गांधींनी लोकसभेत, तेही स्वतःच्याच पक्षाच्या सरकारला, जाब विचारला. जानेवारी १९५८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. सुनावणी जाहीर झाली. गर्दी इतकी की बाहेरच्यांना ऐकू यावं म्हणून लाउडस्पीकर लावावे लागले. महिन्याच्या आत अहवाल तयार होता. व्यवहार सचिवांनी केला, मला त्याची नीट कल्पना नव्हती, ही अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांची बाजू छागलांनी मान्य केली नाही. सचिवाने मंत्र्याच्या नावाने जे केलं त्याची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं. फेब्रुवारीत कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला.

आता आपल्या राज्यातलं. अण्णा हजारे यांनी चार मंत्र्यांवर केलेल्या आरोपांच्या चौकशीसाठी २००३ मध्ये न्या. पी. बी. सावंत आयोग नेमला गेला. फेब्रुवारी २००५ मध्ये अहवाल आला, चारपैकी तिघांवर ठपका होता, आणि मार्चमध्ये सुरेश जैन व नवाब मलिक यांना मंत्रिपद सोडावं लागलं. आयोगाने हजारे यांच्या संस्थांचाही हिशेब तपासला आणि त्यातही दोष दाखवले. मला हे महत्त्वाचं वाटतं. तक्रारदारालाही त्याच तागडीत घातलं म्हणून त्या अहवालाला वजन आलं.

याच्या शेजारी न्या. चांदीवाल आयोग ठेवून बघा. मार्च २०२१ मध्ये तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांच्यावर मुंबईच्या माजी पोलीस आयुक्तांनी दर महिन्याला १०० कोटींच्या वसुलीचा आरोप केला. सरकारने आयोग नेमला. आरोप करणारे परमबीर सिंह साक्षीला येईनात म्हणून आयोगाला दंड आणि वॉरंटपर्यंत जावं लागलं. देशमुखांचा राजीनामा झाला तो मात्र ५ एप्रिल २०२१ ला उच्च न्यायालयाने सीबीआयला प्राथमिक चौकशीचा आदेश दिल्यावर. आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये अहवाल दिला. दोनच महिन्यांत सरकार बदललं. एका बाजूने अहवाल मागवला, दुसऱ्या बाजूच्या हाती तो आला, आणि २०२४ च्या विधानसभा निवडणुकीपर्यंत तो सभागृहापुढे आलेला नव्हता. त्यात देशमुख दोषी आहेत की निर्दोष, याबद्दल दोन्ही बाजू निवडणुकीत आपापल्या सोयीचं बोलत होत्या. माणूस दोषी असेल तर आपल्याला कळलं पाहिजे. निर्दोष असेल तर तो कलंक धुऊन निघणं हा त्याचाही हक्क आहे.

१९५२ च्या चौकशी आयोग कायद्याच्या कलम ३(४) प्रमाणे अहवाल मिळाल्यापासून सहा महिन्यांत तो कृती अहवालासह (शिफारशींवर सरकारने काय केलं याच्या टिपणासह) सभागृहात मांडणं सरकारवर बंधनकारक आहे. सहा महिने उलटले तर काय, याबद्दल कायदा काहीच बोलत नाही. मला चर्चा हवी आहे ती या मुद्द्यावर.

रोखठोक:

पिंपळपान, मांडणी चांगली आहे पण मला पटली नाही. अहवाल पटलावर आला की काम होतं असं तुम्ही सुचवताय. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींवरच्या श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल पटलावर आला होता ना? फेब्रुवारी १९९८ मध्ये सादर झाला, ६ ऑगस्ट १९९८ ला सभागृहात ठेवला, म्हणजे तुमच्या सहा महिन्यांच्या आतच. आणि त्याच दिवशी सरकारने कृती अहवालात त्यातले मुख्य निष्कर्ष नाकारले. ३१ पोलिसांवर ठपका होता. १९९९ ला जे निवडून आले ते तर अंमलबजावणीचं वचन देऊनच आले होते. त्यांनी काय केलं?

त्याआधी जानेवारी १९९६ मध्ये युती सरकारने तो आयोगच गुंडाळला होता. ओरड झाल्यावर मे महिन्यात परत सुरू केला, पण मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांचा विषय त्यात जोडून. ज्यांची चौकशी व्हायची तेच चौकशी कशाची आणि किती दिवस हे ठरवतात. मुळातच दुखणं आहे, पटलाबिटलाने काय होणार?

वकील सातारकर:

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. जरा कायद्याच्या अंगाने लिहितो.

आयोग हे न्यायालय नव्हे. हा प्रश्न १९५८ मध्येच दालमिया विरुद्ध न्या. तेंडोलकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता (तेंडोलकर म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचेच न्यायमूर्ती). आयोगाने सत्य शोधायचं, शिफारस करायची, आणि ती कुणावर बंधनकारक नसते, हे तेव्हाच ठरलं. शिवाय कलम ६ आहे. आयोगापुढे साक्षीदार जे बोलला ते पुढे फौजदारी खटल्यात त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. अपवाद फक्त खोट्या साक्षीबद्दलच्या खटल्याचा. लोकांना यात पळवाट दिसते, पण माणसाने मोकळेपणी खरं बोलावं म्हणून ती तरतूद आहे. साहजिकच आयोगानंतर पोलिसांना तपास नव्याने करावा लागतो आणि तिथे वर्षं जातात.

पण मंत्र्याचा प्रश्न तुरुंगाचा नसतोच, पदाचा असतो. गुन्हा सिद्ध व्हायला निःसंशय पुरावा लागतो. हा माणूस त्या खुर्चीवर राहण्यास योग्य आहे का, हे ठरवायला इतकं लागत नाही. छागलांनी कृष्णम्माचारींना गुन्हेगार म्हटलं नव्हतं. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत ही दोन मापं एक करून टाकली आहेत. "न्यायालयात सिद्ध होऊ द्या, मग बघू" असं मंत्रीच म्हणतात आणि आपणही मान डोलावतो.

मुंबईतल्या आदर्श गृहनिर्माण सोसायटीच्या घोटाळ्याचं बघा. न्या. जे. ए. पाटील आयोगाने एप्रिल २०१३ मध्ये अंतिम अहवाल दिला. तो सभागृहात आला २० डिसेंबर २०१३ ला, नागपूर अधिवेशनाच्या शेवटी, सहा महिन्यांची मुदत टळून गेल्यावर. त्यात माजी मुख्यमंत्र्यांची नावं होती, सदनिकाधारकांपैकी २५ जण अपात्र ठरवले होते. मंत्रिमंडळाने अहवाल फेटाळला. पक्षातूनच नाराजी आली तेव्हा २ जानेवारी २०१४ ला काही भाग स्वीकारला. अशोक चव्हाणांवरच्या खटल्याची राज्यपालांनी दिलेली मंजुरी पुढे डिसेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली. म्हणजे फौजदारी बाजू तिथे अडली. त्यांचं मुख्यमंत्रिपद मात्र नोव्हेंबर २०१० मध्येच गेलं होतं, आयोग नेमण्याच्याही आधी. दोन वेगळी मापं म्हणतोय ती ही.

औषधवाला:

या विषयावर कुणीतरी लेंटिन आयोगाबद्दल लिहील म्हणून थांबलो होतो. माझा औषधांचा व्यवसाय आहे, त्यामुळे हे प्रकरण मी बारकाईने वाचलंय. सविस्तर लिहितो.

जानेवारी-फेब्रुवारी १९८६. भायखळ्याचं जे. जे. रुग्णालय. मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब कमी करण्यासाठी रुग्णाला ग्लिसरॉल पाजतात. साधं, गोडसर, स्वस्त औषध. ते घेतलेल्या काही रुग्णांची लघवी बंद व्हायला लागली. मूत्रपिंडं निकामी होऊन माणसं जायला लागली. आधी दुखण्यामुळेच गेली असं वाटलं, कारण मुळात आजार गंभीर होते. मग डॉक्टरांच्या लक्षात आलं की सगळ्यांना एकच बाटली लागू होती. त्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल होतं. कारखान्यात वापरायचा विषारी द्रव. १४ रुग्ण गेले.

न्या. बख्तावर लेंटिन यांचा आयोग बसला. हे तेच लेंटिन ज्यांनी उच्च न्यायालयात असताना १२ जानेवारी १९८२ ला पी. बी. सामंत यांच्या याचिकेवर, सिमेंटचे कोटे आणि अंतुल्यांनी काढलेल्या प्रतिष्ठानला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध जोडणारा निकाल दिला आणि अंतुल्यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं.

त्यांना जे. जे. प्रकरण "रुग्णालयाचा हलगर्जीपणा" एवढ्यावर संपवता आलं असतं. ते थांबले नाहीत. हे ग्लिसरॉल रुग्णालयात आलं कसं? दरकरारातून. दरकरार कुणी दिला? पुरवठादाराचा परवाना कसा टिकून होता? औषध तपासणारी प्रयोगशाळा काय करत होती? अन्न व औषध प्रशासनाने कारवाई केली तर ती पुढे कुठे अडायची? एकेक धागा ओढत ते मंत्रालयापर्यंत पोचले. परवानेधारक, प्रयोगशाळा, पुरवठादार, खातं आणि मंत्रिपदावरची माणसं यांचं साटंलोटं त्यांनी अहवालात उघड लिहिलं. १९८७ च्या अखेरीस अहवाल दिला, १९८८ मध्ये तो लोकांपुढे आला आणि आरोग्यमंत्री भाई सावंतांना जावं लागलं. माजी मंत्री बळीराम हिरे यांच्यावरही ताशेरे होते.

आता माझा मुख्य मुद्दा. औषध निरीक्षकाने दुकानावर किंवा कारखान्यावर दोष काढले, परवाना निलंबित किंवा रद्द झाला, तर त्यावरचं अपील राज्य शासनाकडे जातं. व्यवहारात ते मंत्र्यांपुढे चालतं. मंत्री फाइलवर "स्थगिती" लिहितात आणि दुकान दुसऱ्या दिवशी उघडतं. लेंटिन यांनी बोट ठेवलं होतं ते याच अधिकाराच्या वापरावर. ही वाट आजही खुली आहे. आमच्या पट्ट्यात एका दुकानात डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या जात होत्या. परवाना निलंबित झाला, आठवड्यात स्थगिती आली, आणि पुढची सुनावणी कधी झाली ते आम्हा कुणाला कळलं नाही. नियमाने चालणाऱ्या आम्हा बाकीच्या दुकानदारांना त्यातून काय शिकवण मिळते सांगा. मंत्र्याच्या वर्तनाची चर्चा आपण भाषणं, बंगले, व्हिडिओ यांवर करतो. खरा कारभार त्या एका शब्दात असतो आणि तो कुणी मोजत नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात लहान मुलं खोकल्याच्या औषधाने गेली. त्यातली कित्येक उपचारासाठी आपल्या नागपुरात आणली होती. रसायन तेच. लघवी बंद होणं तेच. जवळजवळ ४० वर्षांनी.

नवखा वाचक:

औषधवाला, अंगावर काटा आला. माझा जन्म त्यानंतरचा, यातलं काहीही माहीत नव्हतं. स्थगिती दिली तर त्याची कारणं मंत्र्यांना लिहावी लागतात का?

वकील सातारकर:

हो, लागतात. अपील ऐकताना मंत्री अर्धन्यायिक अधिकार वापरत असतो, म्हणून कारणांसह आदेश हवा आणि दुसऱ्या बाजूचं ऐकूनही घ्यायला हवं. त्याला उच्च न्यायालयात आव्हान देता येतं. अडचण अशी की परवानेधारकाला स्थगिती हवीच असते आणि निरीक्षक आपल्याच मंत्र्याविरुद्ध न्यायालयात जात नाही. मग आव्हान देणार कोण? औषधवाले म्हणतात तसं मोजणं शक्य आहे. वर्षात किती अपिलं आली, किती प्रकरणांत अंतरिम स्थगिती दिली, त्यातली किती वर्षभरानंतरही निकाली निघाली नाहीत. ही साधी आकडेवारी आहे, माहिती अधिकारात मागता येते.

झिरो माइल:

रोखठोक यांनी श्रीकृष्ण आयोग काढला, मी नागपूरचा म्हणून गोवारींबद्दल लिहितो.

२३ नोव्हेंबर १९९४. अधिवेशन चालू होतं. गोवारी समाज अनुसूचित जमातीच्या सवलती मागायला विधान भवनावर आला होता. मागणीचं मूळ २४ एप्रिल १९८५ च्या शासन निर्णयात होतं. सरकारदरबारी "गोंड-गोवारी" अशी नोंद, आणि गोवारींना त्या सवलती नाहीत. दिवसभर कुणी मंत्री मोर्चाला सामोरा गेला नाही अशी तक्रार आजही त्या घरांतून ऐकू येते. संध्याकाळी लाठीमार, चेंगराचेंगरी. ११४ माणसं गेली, बहुतेक बाया आणि लेकरं.

आदिवासी विकास मंत्री मधुकरराव पिचड यांनी राजीनामा दिला. त्याबद्दल मी त्यांना मानतो, निदान कुणीतरी दिला. पण मोर्चा हाताळणं हे काय आदिवासी विकास खात्याचं काम होतं? पोलीस कुणाच्या अखत्यारीत होते? नंतर दाणी आयोग बसला आणि निष्कर्ष असा आला की कुणीच जबाबदार नाही. झिरो माइलजवळ स्मारक आहे, दरवर्षी लोक येतात. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, तो २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फिरवला.

पिंपळपान भाऊ, म्हणून माझं म्हणणं असं आहे की राजीनामा हा जबाबदारी ठरवण्याऐवजी दिला जाऊ शकतो. एक माणूस पुढे होतो, लोकांचा राग निवतो, आणि प्रश्न विचारणं थांबतं.

पिंपळपान:

झिरो माइल, शंभर टक्के मान्य. जलसिंचन घोटाळ्याच्या आरोपांच्या वेळी हेच झालं. सप्टेंबर २०१२ मध्ये अजित पवारांनी उपमुख्यमंत्रिपद सोडलं, नोव्हेंबरअखेर सरकारने स्वतःच्याच खात्याची श्वेतपत्रिका काढली, डिसेंबरात ते परत पदावर आले, आणि माधवराव चितळे यांचं विशेष तपास पथक नेमलं गेलं ते त्यानंतर. त्यातही ते पथक होतं, चौकशी आयोग कायद्याखालचा आयोग नव्हे. म्हणजे साक्षीदाराला समन्स काढून बोलावण्याचे त्या कायद्याखालचे अधिकार नाहीत आणि सहा महिन्यांचं बंधनही नाही. चौकशी जाहीर झाली की ती कुठल्या कायद्याखाली आहे हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं. बातम्यांमध्ये ते क्वचितच येतं.

रोखठोक, तुमच्या मुद्द्याला उत्तर देतो. श्रीकृष्ण अहवाल सरकारने नाकारला हे खरं. पण तो छापील स्वरूपात लोकांच्या हाती आला होता. ९०० मृत्यू, कुठल्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत काय झालं, कुणी काय केलं नाही, हे सगळं त्यात आहे. त्याच अहवालाच्या आधारे लोक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये बेपत्ता माणसांच्या कुटुंबांना भरपाई शोधून द्या असा आदेश मिळाला. ३० वर्षं लागली, हे लज्जास्पदच आहे. पण अहवाल दडवलेला असता तर तेवढंही झालं नसतं. सरकारने नाकारलेला अहवाल लोक पुढे नेऊ शकतात. न दिसलेला अहवाल कुणालाच नेता येत नाही.

रोखठोक:

हे मान्य. "नाकारलेला" आणि "न दिसलेला" यात फरक आहे, तो मी केला नव्हता. तरी आयोगाची कार्यकक्षा सरकारनेच ठरवायची हा आक्षेप कायम आहे. मंत्र्यावर, विशेषतः मुख्यमंत्र्यावर आरोप असेल तेव्हा कार्यकक्षा उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींशी बोलून ठरावी, आणि आयोग गुंडाळायचा असेल तर सभागृहाचा ठराव लागावा.

म्हापशेकर:

गोव्यातून लिहितोय. वकीलसाहेबांनी एक बाजू सांगितली नाही ती जोडतो.

आमच्याकडे बेकायदा खाणींवर न्या. एम. बी. शहा आयोगाचा अहवाल ७ सप्टेंबर २०१२ ला संसदेत आला. सुमारे ३५,००० कोटींच्या नुकसानीचा अंदाज त्यात होता. सरकारने लगेच खाणी थांबवल्या, पुढे सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. डिचोली-सांगे पट्ट्यात ट्रक दारात उभे राहिले, बँकांचे हप्ते थकले, आणि दुसरीकडे ज्यांच्या शेतात वर्षानुवर्षं खाणीची माती येत होती ते सुटकेचा श्वास घेत होते. दोन्ही घरं आमच्याच गावांत.

पण २०१४ च्या निकालात काय झालं? खाणचालकांना आयोगाने म्हणणं मांडण्याची संधीच दिली नव्हती, म्हणून नुसत्या त्या अहवालावरून त्यांच्यावर कारवाई करता येईना. ज्याच्या नावलौकिकाला धक्का लागणार त्याला आधी नोटीस द्यायची, हे चौकशी आयोग कायद्याचं कलम ८ब. घाईत ते राहून गेलं आणि इतका मोठा अहवाल तिथे लंगडा पडला. बाकी निकालाने लीज बेकायदा ठरवली ती वेगळ्या कारणांनी. तेव्हा लोकांनी "लवकर अहवाल द्या" एवढंच ओरडू नये. सुनावणी नीट होतेय का तेही बघावं.

टेम्सकाठ:

मी इथे ब्रिटनमध्ये असते. पोस्ट ऑफिसच्या होरायझन संगणक प्रणालीची चौकशी चालू असताना घरकाम करता करता यूट्यूबवर साक्षी ऐकल्या आहेत. हिशेबात नसलेली तूट दाखवणाऱ्या या सदोष प्रणालीमुळे ९०० हून जास्त पोस्टचालकांना गुन्हेगार ठरवलं गेलं होतं, त्यांत आपले भारतीय वंशाचेही बरेच. माजी मंत्र्यांना शपथेवर बसवून "ही ईमेल तुम्ही वाचली होती का" असं विचारतात आणि ईमेल पडद्यावर दिसते. ते बघून शेजारच्या दुकानातल्या गुजराती काकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

इथे सगळं आलबेल आहे असं नाही. चौकशा वर्षानुवर्षं चालतात आणि भरपाई मिळण्याआधी माणसं मरतात. पण इथल्या २००५ च्या चौकशी कायद्याने अहवाल प्रसिद्ध करणं बंधनकारक आहे आणि सुनावणी घरबसल्या ऐकता येते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाची सुनावणी थेट दिसते, मग राज्याच्या आयोगाची का नको? छागलांनी तर लाउडस्पीकर लावले होते.

नवखा वाचक:

मग आपण करायचं काय? मी पहिल्यांदाच असल्या विषयावर लिहितोय. माहिती अधिकारात अहवालच मागवला तर?

कोरा कागद:

मागवला होता, दुसऱ्या एका आयोगाचा. उत्तर आलं की अहवाल अद्याप सभागृहापुढे ठेवलेला नाही, त्याआधी दिल्यास विधिमंडळाचा विशेषाधिकारभंग होईल, सबब माहिती नाकारण्यात येत आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्ये तशी तरतूद आहे. अपिलातही तेच. सभागृहाच्या हक्काचं कारण सांगून सभागृहालाच न दिलेला कागद लोकांनाही द्यायचा नाही!

त्यातून एक धडा घेतला. अहवाल मागू नका. अहवालाच्या प्रवासाची माहिती मागा. तो कुठल्या तारखेला आला, कुठल्या विभागाकडे आहे, मंत्रिमंडळापुढे गेला का, फाइल आज कुणाच्या टेबलावर आहे. त्यात अहवालातला एक शब्दही नाही, त्यामुळे विशेषाधिकाराचं कारण लागू पडत नाही. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मजकूर १५० शब्दांच्या आत, एका अर्जात एकच विषय. आपल्या राज्याचे नियम तसे आहेत.

उत्तर हातात आलं की ते घेऊन आमदारांकडे जा. तारीख हातात असली की तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं) लिहिणं त्यांनाही सोपं जातं. आणि मंत्र्याने सभागृहात "पुढच्या अधिवेशनात ठेवू" असं उत्तर दिलं तर ते आश्वासन ठरतं, ते शासकीय आश्वासन समितीकडे जातं, नुसतं हवेत राहत नाही.

पिंपळपान:

कोरा कागद, धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद. मसुदा लिहिलाय. गृह विभागाला पाठवतो. बाकीच्यांनी आपापल्या विषयाप्रमाणे विभाग आणि आयोगाचं नाव बदलून वापरावा:

"न्या. चांदीवाल चौकशी आयोगाच्या अहवालासंबंधी पुढील माहिती मिळावी. (१) अहवाल शासनास प्राप्त झाल्याचा दिनांक. (२) चौकशी आयोग अधिनियम, १९५२, कलम ३(४) नुसार कृती अहवाल तयार करण्याचे काम ज्या कक्षाकडे व अधिकाऱ्याकडे सोपवले त्यांचे पदनाम व सोपवल्याचा दिनांक. (३) सहा महिन्यांत अहवाल विधिमंडळासमोर का ठेवला नाही. (४) सदर नस्तीच्या आजवरच्या हालचालीचा तपशील."

औषधवाला:

मी स्थगितीच्या आकडेवारीचा अर्ज याच धर्तीवर टाकतो. जिल्हावार मागू की राज्याची एकत्र?

वकील सातारकर:

औषधवाला, राज्याची एकत्र मागा, पण एकाच आर्थिक वर्षाची. जास्त वर्षं मागितली की "माहिती विस्तृत स्वरूपाची आहे, कार्यालयात येऊन पाहावी" असं कळवतात.

पिंपळपान, तिसरा मुद्दा बदला. माहिती अधिकारात "का" विचारलं की ही माहिती नसून स्पष्टीकरण आहे म्हणून तेवढा मुद्दा फेटाळतात. त्याऐवजी लिहा: "सदर अहवाल विधिमंडळासमोर ठेवण्याबाबत अथवा न ठेवण्याबाबत ज्या टिपणीवर निर्णय नोंदवला आहे त्या टिपणीची साक्षांकित प्रत. अशी टिपणी अस्तित्वात नसल्यास तसे लेखी कळवावे." शेवटचं वाक्य गाळू नका. टिपणीच नाही असं त्यांनी लिहून दिलं तर जनहित याचिकेला तो कागद पुरतो.